रायझेन ७६०० (एएमडीचा प्रोसेसर) साठी ३२ जीबी रॅम: एकच स्टिक की १६-१६च्या दोन?
दोनच घ्या, डोळे झाकून. ड्युअल चॅनलचा (दोन स्टिक एकाच वेळी दोन मार्गांनी चालण्याचा) फरक गेममध्ये लगेच जाणवतो. या प्रोसेसरच्या एएम५ मदरबोर्डावर डीडीआर५च लागते, मागच्या पिढीची डीडीआर४ रॅम बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. घरातली जुनी रॅम विसरा. ६००० स्पीड, सीएल३० उत्तम (सीएल म्हणजे रॅमला प्रतिसाद द्यायला लागणारा विलंब, कमी तितका चांगला). सीएल३६ बरीच स्वस्त पडत असेल तर तीही चालेल. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने मला पहिल्या-दुसऱ्यात लावून दिली, वर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारा पर्याय, बंदच! सहा महिने ४८०० वर चालवत होतो, तेही सिंगल चॅनलवर. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघूनच दुकानातून निघा. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन दोन-चार मिनिटं काळी राहिली तर घाबरू नका, मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं नव्या रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं.