जुन्या दुर्बिणीला लाकडी बैठक

न्यूटोनियन (म्हणजे आरशाच्या) दुर्बिणीची नळी आणि आरसा शाबूत असेल, तर विषुववृत्तीय माउंटच्या, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाशी जुळवून लावायच्या बैठकीच्या, नादाला आत्ताच लागू नका. जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेली साधी पेटीसारखी बैठक 18 मिमी प्लायवूडमधून घरी सहज होते.

आधी तोल शोधा. आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावूनच नळी गोल काठीवर आडवी ठेवा आणि मागेपुढे सरकवत स्थिर राहील तिथे खूण करा. नळी ज्यांवर वर-खाली फिरते त्या बाजूच्या दोन्ही गोल चकत्यांचे मध्य तिथेच यायला हवेत. मी पहिल्यांदा आयपीस न लावता खूण केली होती. मग जड आयपीस घातला की नळीचं तोंड हळूहळू खाली झुकायचं.

खरं काम घर्षणाचं. चकत्यांच्या कडेला फॉर्मायका चिकटवा, खाली टेफ्लॉनचे तुकडे. बॉल बेअरिंगचा मोह टाळा, त्याने नळी झुळकीनेही हलते. 100 पट वर्धनाला ग्रह दोनेक मिनिटांत नजरेआड होतो, म्हणून बोटाने ढकलताच नळी सरकावी आणि सोडताच थांबावी.

पेटी जिच्यावर फिरते त्या तळफळीवर टेफ्लॉनचे तीनच तुकडे, बरोबर तीन पायांच्या वर. त्यांच्या स्क्रूची डोकी आत बुडवा, नाहीतर पेटीच्या बुडाच्या फॉर्मायकावर चरे पडतात.