पोर्ट हेडलंडला पोहोचण्याआधी

चिरंजीव,

तुझा मेसेज मिळाला. पहिलं जहाज, पहिलं परदेशी बंदर, आणि तेही ऑस्ट्रेलिया! "काका, कांगारू दिसेल का?" असं विचारलंयस. बहुधा नाही. लाल धूळ मात्र दिसेल. डेकवर, जिन्यात, नाकात आणि चहाच्या कपातसुद्धा. पोर्ट हेडलंडमधून वर्षाला ५० कोटी टनांहून जास्त माल बाहेर जातो, आणि त्यातला बहुतेक सगळा लोहखनिजाचा. तुझ्या जहाजासारख्या केपसाइझला, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या अवाढव्य जहाजाला, तिथे दीड दिवसाच्या आसपास वेळ मिळतो. त्या दीड दिवसाचं काय करायचं, तेवढ्यासाठीच हे पत्र.

माझा पहिला सल्ला तुला आवडणार नाही. बंदर जवळ आलं की आधी झोपून घे. बंदरात पोहोचल्यावर नव्हे, त्याच्या आदल्या रात्री. समुद्रात वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, ठरलेला असतो, घड्याळ बघून जेवतोस, घड्याळ बघून झोपतोस. बंदरात ते घड्याळ मोडतं. पायलट (जहाज बंदरात आत नेणारा वाटाड्या) घ्यायला उठायचं, दोर बांधायचे, लगेच भराई सुरू. मग सर्व्हेयर, एजंट, तपासनीस, सामान घेऊन येणारी गाडी. कॅडेट, म्हणजे तुझ्यासारखा शिकाऊ अधिकारी, सगळ्यांनाच हवा असतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

तुझा पायलट हेलिकॉप्टरने येईल. तिथली ती नेहमीची पद्धत आहे. तुला आगविझवणीच्या टोळीत उभं करतील. तेव्हा मोबाइल खिशातच राहू दे. टोपीचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळ आणि जवळपास सुटं काही ठेवू नकोस.

मग दोर. सारंग सांगेल तिथे उभा राहा. (डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कागदोपत्री बोसन, पण आमच्या रत्नागिरीकडच्या खलाशांच्या तोंडी तो सारंगच. स्वयंपाक्याला भंडारी आणि सुकाणू धरणाऱ्याला सुकाणी, हे शब्दही अजून आहेत.) ताणलेला दोर तुटला की तो जिथून तुटतो तिथून चाबकासारखा मागे येतो. डेकवर पिवळ्या रेषा रंगवलेल्या असल्या तरी त्यांच्या बाहेर उभं राहिलं म्हणजे वाचलो असं समजू नकोस. दोर रेषा बघून तुटत नाही. मी एकदा स्प्रिंग (जहाज पुढे-मागे सरकू न देणारा दोर) तुटताना पाहिली आहे. आवाज आधी आला आणि दोर दिसला नंतर. कुणाला लागला नाही. त्या दिवशी फक्त नशीब होतं.

पोर्ट हेडलंडला भरती-ओहोटीचा फरक सात मीटरपर्यंत जातो. भरतीला जहाज उचललं जातं आणि दोर ताणतात. त्याच वेळी माल पडतोय म्हणून जहाज खाली बसतं आणि दोर सैल होतात. दोन्ही एकत्र चालतं, त्यामुळे 'आत्ताच बघितलं' हा हिशेब तिथे चालत नाही. रिकामं आलेलं तुझं जहाज निघताना आठ-दहा मीटर जास्त बुडालेलं असेल. दोर सैल राहिला तर जहाज धक्क्यापासून सरकतं आणि गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी, लटकतो. गँगवेवर वॉच असेल तेव्हा दर फेरीत जाळी, शिडीचा उतार आणि दिवा असलेली लाइफबॉय बघत जा.

गँगवेचा वॉच कंटाळवाणा वाटेल, पण १ जुलै २००४ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघणं हा नियम आहे. कोटवाल्यालाही विचारायचं, हसऱ्यालाही विचारायचं. माझ्या पहिल्या सफरीत, एका बंदरात (कुठलं ते सोड), मी अठरा तास काम करून गावात गेलो, परत आलो आणि थेट गँगवेवर बसलो. बसलो ही पहिली चूक. डोळा लागला. सारंगच्या केबिनमधून बूट, रेडिओ आणि त्याच्या मुलीसाठी घेतलेली बाहुली गेली. त्याने मला शिवी दिली नाही. बाहुलीबद्दल तो पुढचे पाच महिने काही बोललाच नाही, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून विश्रांतीचा तक्ता खरा भर. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत ७७. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. कुणीतरी म्हणेल, "अरे, लिही ना दहा." ऑस्ट्रेलियाचे तपासनीस हा तक्ता भराईच्या नोंदींशी ताडून बघतात. पण पकडले जाऊ म्हणून खरं लिही, असं मी म्हणत नाही. खोटा तक्ता लिहिला की तू दमलेला आहेस हे कागदावर कुठेच उरत नाही, आणि पुढच्या दोराजवळ तुलाच उभं करतात. आधीच, शांतपणे मेटला (डेकच्या कामाचा प्रमुख अधिकारी) सांग: "सर, मी सोळा तास उभा आहे." चांगला मेट लगेच ऐकतो. वाईट मेटलाही हे वाक्य ऐकून घ्यावं लागतं.

भराई मात्र डोळे भरून बघ. कन्व्हेयरवरून तासाला दहा-दहा हजार टन खनिज पडताना वाटेल, होल्ड (माल भरायचा कप्पा) आता काठोकाठ भरणार. भरत नाही. खनिज इतकं जड की जहाज पूर्ण लादलं तरी तळाशी नुसता ढीग दिसतो आणि वर मोकळी जागा उरते. पाहुणे विचारतात, अर्धंच का भरलं? दुसरीकडे बॅलास्टचं, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या तोलासाठी टाक्यांत भरलेलं, पाणी बाहेर सोडणं चालू असतं. टाक्या तुलाच मापायला लागतील. टेप दोनदा सोड. पहिल्या मापावर विश्वास ठेवणारा कॅडेट मला कधी आवडला नाही.

आणि ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते. नाळेवर (पुढच्या टोकाला), मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंनी वाचायचा. मीटरमधला आकडा १० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याची खालची कड म्हणजे तो ड्राफ्ट. पाणी आकड्याच्या निम्म्यावर असेल तर आणखी ५ सेंटिमीटर. लाटा असतील तर सात-आठ लाटा बघून मधला आकडा घे. तुझ्या जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १२० टन, म्हणजे दहा सेंटिमीटर चुकलास तर हजारभर टनांचा घोळ. शेवटचे काही हजार टन कुठल्या होल्डमध्ये टाकायचे, हे मेट तुझ्या त्या वाचनावरच ठरवतो. भरलेली जहाजं मोठी भरती साधूनच लांबलचक वाटेने बाहेर पडतात, म्हणून त्या तासाला सगळे चिडलेले असतील. मनाला लावून घेऊ नकोस.

आता बाहेर जाण्याचं. मिळालेच तर तीन तास मिळतील. तुझा क्रू व्हिसा झालाय ना, ते आधीच विचारून ठेव. टर्मिनलमध्ये पायी फिरायचं नाही, गाडीनेच जायचं. खलाशांसाठी तिथे केंद्र आहे, तिथे बसून घरी बोलता येतं. खिशात सफरचंद किंवा मांसाचा डबा घेऊन उतरू नकोस, जैवसुरक्षेचे नियम तिथे फार कडक आहेत. दुकानात धावण्याआधी जहाजापासून दूर कुठेतरी दहा मिनिटं नुसता बस. हलत नाही अशी जमीन पायाला विचित्र लागते. आणि ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत ये, कारण वाट बघायला लागली तर ती तू बघायची, जहाजाने नाही.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. रात्री साडेदहाला तुला आठवण येईल, तेव्हा घरी आठ वाजलेले असतील आणि आई जागीच असेल. मध्यरात्रीच्या वॉचनंतर लावू नकोस, ती दचकते.

बॉयलरसूट वेगळा धू. माझे तीन पांढरे शर्ट अजून गुलाबी आहेत.

तुझा,
काका