शेतसल्ला : वाडी लावावी, पण नागली कोठे पेरावी?

(शेतातील झाडांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे छापलेली नाहीत.)

प्रश्न : सादर नमस्कार. आमची एकूण अडीच एकर जमीन आहे. सखल भागातील एक एकरात भात होतो. उरलेली दीड एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे, तीत नागली (नाचणी) आणि वरई घेतो. पाड्यावरील काही जणांनी आंबा-काजूची वाडी लावली आहे, मलाही लावायची आहे. वडील म्हणतात, कलमे फळायला चार-पाच वर्षे जातील, तोवर खायचे काय? यावरून घरात रोज वाद होतो. आपण मार्ग सुचवावा.
— एक शेतकरी, ता. जव्हार, जि. पालघर

उत्तर : तुमचे वडील अडवणूक करीत आहेत असे समजू नका. खड्डे खणण्यापूर्वी प्रत्येक वाडीवाल्याने स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर वाडीच्या मूळ आखणीत आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे उभ्या केलेल्या बायफ या संस्थेने १९८२ साली गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांना बरोबर घेऊन वाडीची सुरुवात केली आणि पुढे ती तुमच्या भागातही आली. त्या आखणीत एक एकरात साधारण २० आंबे आणि ४० काजू, त्यांच्या ओळींमध्ये आंतरपीक आणि कडेने वनझाडे असे तीन भाग होते. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी कलमांची मोजदाद चोख ठेवली जाते आणि आंतरपीक मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले जाते. तुमच्या घरातील वादाचे मूळ तेथेच आहे.

आता वडिलांसमोर बसून पुढील हिशेब मांडा. प्रत्येक कलमाभोवती एक मीटर त्रिज्येचे आळे मोकळे ठेवले, तर ६० कलमांना मिळून सुमारे १९० चौरस मीटर जागा लागते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे पहिली दोन वर्षे नागलीची जागा पाच टक्क्यांहूनही कमी घटते. पुढे झाडे वाढून फांद्यांचा घेर तीन मीटर त्रिज्येचा झाला की तीच ६० झाडे सुमारे १,७०० चौरस मीटर, म्हणजे एकराचा दोन-पंचमांश भाग झाकतात. खरी अडचण त्या टप्प्यावर सुरू होते. तोपर्यंत काजूचे उत्पन्न सुरू झालेले असते, कारण काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळू लागते आणि आंब्याचे त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने. मात्र काजूबीचे पैसे उन्हाळ्यात एकदम हाती येतात आणि घरातील धान्य आटते श्रावणाच्या सुमारास. त्यामुळे संपूर्ण दीड एकर झाडांखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरकस जमिनीचा चढावरचा, मुरमाड, पातळ मातीचा एक एकर वाडीला द्यावा आणि खालचा, माती साचलेला अर्धा एकर नागली-वरईसाठी कायम राखून ठेवावा. वाडीच्या ओळींमध्ये पहिली चार वर्षे नागली, उडीद, खुरासणी यांची फेरपालट करावी. सावली दाट झाल्यावर तृणधान्याचा हट्ट सोडून सुरण, हळद, कोनफळ अशी सावली सोसणारी पिके घ्यावीत. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले तर दुहेरी उपयोग होतो. त्याच्या कोरड्या पाल्यात सुमारे अडीच ते तीन टक्के नत्र असते, आणि भाताच्या चिखलणीच्या वेळी तो पाला गाडला की खताच्या एक-दोन गोण्या तरी वाचतात. शिवाय राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, दरवर्षी ऐनाच्या फांद्या उतरवल्या जातात, तो ताणही काहीसा हलका होतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी वरकसात ऐन, मोह, हिरडा राखून त्यांच्याखाली नागली पिकवली, तिला कोणी कृषिवनशेती म्हटले नाही एवढेच.

पाण्याचा विचार मात्र नागलीच्याही आधी करा. तुमच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिलमध्ये झऱ्यावर रांग लागते. मोखाड्याकडील एका पाड्यावर मी पाहिलेल्या वाडीत प्रत्येक कलमाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेले मडके होते. त्याच्या बुडाला छिद्र पाडून चिंधीची वात ओवलेली होती आणि वर फरशीचा तुकडा झाकलेला होता. घरातील बाई आठवड्यातून एकदा मडकी भरीत असे. प्रत्येकी दहा लिटर धरले तर ६० मडक्यांना ६०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे चाळीस हंडे होतात. हे हंडे कोण वाहणार, हे ठरल्याशिवाय कलमे आणू नका. ते पाणी बहुधा तुमची आई किंवा पत्नी वाहील, म्हणून या चर्चेत त्यांनाही बसवावे. पहिल्या वर्षी ६० ऐवजी ३० कलमांनी सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

प्रश्न : रास्त भाव दुकानातून धान्य मिळत असताना डोंगराळ भागात नागलीसाठी एवढा आग्रह कशाला? शेतकऱ्याने पैशाचे पीक घ्यावे आणि धान्य विकत आणावे, हे अधिक व्यवहार्य नाही का?
— एक शिक्षिका, ता. मोखाडा

उत्तर : बाई, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी शिधापत्रिकेचे मोल कमी लेखत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाच्या बालमृत्यूंनी संपूर्ण महाराष्ट्र हादरला होता. ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दुकानातील धान्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो, तर अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते.

पण कष्टाचे काम करणारा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम धान्य खातो असे धरले, तर चार मोठ्या माणसांना महिन्याला ४८ किलो लागते आणि प्राधान्य पत्रिकेवर २० किलो मिळते. उरलेले २८ किलो शेतातून तरी यायला हवे किंवा रोख पैशातून. फळबागेचा पैसा वर्षातून एकदाच येतो आणि त्यावर लग्न, दवाखाना, सावकार असे अनेकजण डोळा ठेवून असतात. कणगीतली नागली मात्र त्यातल्या त्यात सुरक्षित राहते. शिवाय तिला कीड सहसा लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

पोषणाच्या दृष्टीनेही दुकानातील तांदूळ-गहू नागलीची जागा घेऊ शकत नाहीत. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. नागलीची आंबील पिणाऱ्या बाळंतिणीला ते आकड्यांत सांगण्याची गरज नाही, धोरण आखणाऱ्यांना मात्र आहे. याखेरीज आणखी एक गोष्ट हिशेबात कोणीच धरत नाही. वरकसाच्या बांधावर आणि झाडांखाली पहिल्या पावसानंतर शेवळी, कोरळ, टाकळा, कुरडू, भारंगी उगवतात आणि आषाढात, घरात दुसरी भाजी नसताना, तीच ताटात असतात. वाडीत तणनाशक मारले की आधी याच भाज्या जातात. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांकडून जून-जुलैत घरी शिजलेल्या रानभाज्यांची यादी करून घ्यावी, ही विनंती. ती पाहिल्यावर आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले मिळेल.

प्रश्न : बांधावर पाच वर्षांपूर्वी साग लावला. आता त्याच्या कडेचा हरभरा खुरटा राहतो. झाडे काढावीत का?
— एक शेतकरी, ता. मुरबाड, जि. ठाणे

उत्तर : एवढ्यात काढू नका. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने झाडाची सावली उत्तरेला पडते. म्हणजे शेताच्या दक्षिण बांधावरील झाडे तुमच्या हरभऱ्यावर सावली धरतात, उत्तर बांधावरील नाही. तेव्हा आधी कोणत्या बांधाकडे पीक खुरटते ते पाहा. दक्षिणेकडे असेल तर खालच्या फांद्या छाटाव्यात आणि दोन झाडांआड एक विरळ करावे. चारही बाजूंना असेल तर दोष मुळांचा आहे. पेरणीपूर्वी खोडापासून मीटरभर अंतर सोडून पिकाच्या बाजूने दोन फूट खोल चर खणला की आडवी मुळे तुटतात. मात्र हे काम दर दोन वर्षांनी करावे लागेल. विरळणीसाठी सागाला परवानगी लागते, त्याविषयी पुढील उत्तर पाहावे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. भोर तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर जमीन असून ती चुलतभाऊ वाट्याने कसतो व नाचणी घेतो. तेथे साग किंवा बांबू लावण्याचा विचार आहे. पुढे तोडीची परवानगी मिळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आहे. त्याच यादीत आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, खैर आणि ऐनही आहेत. म्हणजे स्वतःच्या मालकीचे झाड तोडतानाही आधी परवानगी घ्यावी लागते. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्यांनी उभी झाडे कवडीमोलाने घेऊ नयेत म्हणून तो झाला. देशाच्या २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवनशेती धोरणाने तोड आणि वाहतुकीचे नियम सुलभ करण्याची शिफारस केली आहे, पण धोरण दाखवून नाक्यावरून ट्रक सुटत नाही. बांबूची गोष्ट वेगळी आहे. २०१७ साली वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो लावणे आणि कापणे सोपे झाले आहे. काहीही लावले तरी ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यासाठी मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदणीत) बांधावरील झाडांची नोंद वेळच्या वेळी करावी, म्हणजे पुढे झाड कोणी आणि केव्हा लावले हा वाद उरत नाही.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीविषयी. दोन्ही एकरांत साग लावला तर आपल्याला वीस-पंचवीस वर्षांनी काही रक्कम मिळेल, पण चुलतभावाच्या घरची नाचणी पुढच्याच पावसाळ्यात बंद होईल. त्यापेक्षा ओहोळाच्या कडेला आणि पडीक कोपऱ्यात पाच बाय पाच मीटर अंतरावर बांबूची बेटे लावावीत. चौथ्या-पाचव्या वर्षापासून त्यातील पक्व काठ्या दरवर्षी निघतात. बांधावर थोडा शेवगा आणि गिरिपुष्प घ्यावे आणि मधली जमीन नाचणीलाच ठेवावी. बांबूच्या उत्पन्नात चुलतभावाचा वाटा किती, हे आधीच लिहून ठेवावे, कारण पहिले दोन उन्हाळे रोपांना पाणी घालणे आणि गुरे हाकणे हे काम त्यांनाच करावे लागणार आहे.