नर्गिस, सुचित्रा सेन, शिवाजी गणेशन यांना परदेशात अभिनयाचे पुरस्कार खरंच मिळाले होते का?

तुम्ही विचारलंय की घरातली मोठी माणसं नर्गिस, सुचित्रा सेन, शिवाजी गणेशन यांच्या परदेशी पुरस्कारांबद्दल सांगतात, त्यात तथ्य किती? आणि ते खरं असेल, तर ऑस्कर आणि फ्रान्सच्या कान महोत्सवापुढे त्या पुरस्कारांना किंमत काय?

तिघांनाही पुरस्कार मिळाले, यात शंका नाही. किंमतही होती, आणि ती आपण आज समजतो त्यापेक्षा बरीच जास्त होती, असं माझं ठाम मत आहे. मी निपाणी भागातला. आमच्याकडे वाचनालयाच्या खोलीत पडदा लावून जुने चित्रपट दाखवतो. मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली, जे हाताला लागेल ते. त्यामुळे यातले बरेच चित्रपट चार माणसांत बसून पाहिलेत आणि नंतर त्यांच्यावर कडाकडा भांडलोयही.

नर्गिसपासून सुरुवात करतो. 'मदर इंडिया' १९५७ चा. तो ऑस्करच्या अंतिम पाच परभाषिक चित्रपटांत पोहोचला आणि ऑस्कर फेलिनीच्या चित्रपटाला गेलं, एवढं आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ती स्पर्धा चित्रपटांची होती. नर्गिसच्या कामाला तिच्या नावानिशी मान दिला तो त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवाने. १९५८ साली तिथे ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती, आणि पडद्यावर ती नव्या नवरीपासून पांढऱ्या केसांच्या म्हातारीपर्यंतचं अख्खं आयुष्य जगली होती.

आमच्याकडे हा चित्रपट लावला की पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्या बायकांतल्या निम्म्या तरी तंबाखूच्या नाहीतर उसाच्या शेतात राबलेल्या असतात. पूर ओसरल्यावर राधा, म्हणजे नर्गिस, चिखलाने माखलेली, पोरांच्या पोटासाठी सावकार सुखीलालाच्या दारात येते, त्या प्रसंगाला खोलीत चिटपाखरू बोलत नाही. माझ्या शेजारच्या मावशी एकदा हळूच म्हणाल्या, "ही बाई खरीच राबल्याली दिसतीया." कार्लोव्ही व्हारीच्या परीक्षकांना हिंदी येत नव्हतं. त्यांनी जे पाहिलं आणि मावशींनी जे पाहिलं, त्यात मला फारसं अंतर वाटत नाही.

आता सुचित्रा सेन. १९६३ च्या मॉस्को महोत्सवात 'सात पाके बाँधा' या बंगाली चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार फेलिनीच्या 'साडेआठ'ला मिळाला होता, यावरून तिथे कुठल्या दर्जाचं काम येत होतं याचा अंदाज करा. गोष्ट साधी आहे. श्रीमंत घरची मुलगी, स्वाभिमानी प्राध्यापक नवरा, आणि मधे मधे करणारी मुलीची आई. सुचित्रा सेन यात मोठ्याने फार कमी बोलते. बोलायचं ते मान किंचित वळवून, नजर एक क्षण उशिरा उचलून. आणि मग तो प्रसंग येतो, जिथे ती नवऱ्याच्या, म्हणजे सौमित्र चॅटर्जीच्या, अंगावरचा सदरा संतापाने फाडते. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं त्या दोन हातांत उतरतं. पुढे यावरूनच हिंदीत 'कोरा कागज' निघाला, जया भादुरीने त्यात चांगलं काम केलंय, पण तो आधी पाहिला असेल तर विसरून बंगाली पाहा.

याच सुचित्रा सेनने १९७८ नंतर लोकांसमोर येणंच बंद केलं, आणि दादासाहेब फाळके पुरस्कारासाठी दिल्लीला जावं लागेल म्हणून तोही नाकारला. मॉस्कोचा पुरस्कार तिला चालला होता, हे मला फार बोलकं वाटतं. तो कामाच्या ऐन भरात, एका विशिष्ट भूमिकेसाठी मिळाला होता.

शिवाजी गणेशन यांच्याबद्दल मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपल्या मराठी वाचकाला त्यांच्याबद्दल फारच थोडं ठाऊक असतं. मूळ नाव गणेशन. द्रविड चळवळीतले नेते सी. एन. अण्णादुराई यांनी शिवछत्रपतींवर तमिळमध्ये नाटक लिहिलं होतं, त्यात या तरुणाने महाराजांची भूमिका केली. ती पाहून समाजसुधारक पेरियार यांनी त्याला 'शिवाजी' म्हटलं आणि ते नाव जन्मभर चिकटलं. म्हणजे तमिळनाडूच्या सर्वांत मोठ्या नटाच्या नावात आपले महाराज बसलेत. १९५९ साली त्यांचा 'वीरपांडिय कट्टबोम्मन' आला. इंग्रजांना कर द्यायला नकार देणारा आणि १७९९ साली फासावर गेलेला पांचालंकुरिचीचा पाळेगार, म्हणजे तिथला स्थानिक सरदार, ही त्याची कथा. १९६० साली कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात याच भूमिकेसाठी शिवाजी गणेशन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले.

इथे आमच्या बेळगाव जिल्ह्याचा एक धागा आहे. कट्टबोम्मनचे निर्माते-दिग्दर्शक बी. आर. पंतुलू. त्यांनीच लगेच १९६१ साली कन्नडमध्ये 'कित्तूर चेन्नम्मा' काढला, बी. सरोजादेवींना घेऊन. कित्तूर म्हणजे बेळगावहून धारवाडला जाताना हायवेवर लागणारं आमचंच गाव. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले की कळतं, कर मागायला आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याचा तो ताठा पंतुलूंना मनापासून आवडत होता. आमच्या खोलीत कन्नड शाळेत शिकलेले आणि मराठी शाळेत शिकलेले असे दोन्ही प्रेक्षक असतात. तमिळ कुणालाच येत नाही. तरी कट्टबोम्मन आणि इंग्रज कलेक्टर जॅक्सनच्या भेटीचा प्रसंग आला की सगळे सावरून बसतात. शिवाजी गणेशन यांचा अभिनय आजच्या मानाने भरजरी वाटतो, हे मला मान्य आहे. पण तो रंगभूमीवरून आलेला, आवाजावर उभा असलेला अभिनय आहे, आणि संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या भागाला तो परका वाटायचं कारण नाही. गंमत म्हणजे या माणसाला आपल्या देशात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार कधीच मिळाला नाही. फ्रान्सने मात्र १९९५ साली त्यांना शेव्हालिए किताब दिला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कैरो, मॉस्को, कार्लोव्ही व्हारी, ही नावं आज आपल्याला दुय्यम वाटतात, कारण आपण सगळं ऑस्करच्या फूटपट्टीने मोजायला शिकलोय. त्या काळी जग दोन तटांत विभागलेलं होतं. भारत कुठल्याच तटात नव्हता, पण आपले चित्रपट पूर्वेकडे तुफान चालायचे. १९५९ पासून मॉस्को आणि कार्लोव्ही व्हारी एक वर्षाआड आलटून पालटून भरायचे, म्हणजे दोन्ही मिळून समाजवादी जगाचं ते मुख्य व्यासपीठ होतं. यात राजकारण होतं का? होतं. नव्या स्वतंत्र झालेल्या देशांबद्दलची आपुलकी तिथल्या निवडीत असणार, हे उघड आहे. पण पश्चिमेकडच्या महोत्सवांतही राजकारण होतंच, फक्त ते आपल्याला आता दिसेनासं झालंय. कानमध्ये तर १९७२ पर्यंत कुठला चित्रपट जाणार हे त्या त्या देशाची यंत्रणा ठरवायची. शिवाय पश्चिमेकडे आपला चित्रपट गेला तर नाव व्हायचं ते दिग्दर्शकाचं. 'चारुलता'साठी बर्लिनने १९६५ साली सत्यजित रायना दिग्दर्शनाचा 'रौप्य अस्वल' पुरस्कार दिला, ते योग्यच होतं. पण माधवी मुखर्जीच्या झोपाळ्यावरच्या चेहऱ्याशिवाय 'चारुलता' उभा राहतो का, सांगा. त्या चेहऱ्याला बर्लिनमध्ये वेगळं काही मिळालं नाही. कानने १९५५ साली 'बूट पॉलिश'मधल्या बालकलाकार बेबी नाझची खास दखल घेतली, ते एक गोड अपवाद म्हणून लक्षात ठेवावं असं.

पूर्वेने आपल्या नटांना ओळखलं त्याला पश्चिमेनेही पुढे दुजोरा दिला, हे १९८४ साली दिसलं. त्या एकाच वर्षात कार्लोव्ही व्हारीला 'अर्धसत्य'साठी ओम पुरी आणि व्हेनिसला 'पार'साठी नसीरुद्दीन शाह सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. 'अर्धसत्य' तर आपल्या घरचाच. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, आणि नायक अनंत वेलणकर. 'पार'मध्ये नसीर आणि शबाना आझमी डुकरांचा कळप नदीपलीकडे पोहत हाकलत नेतात. शबाना गरोदर बाईच्या भूमिकेत. मजुरीला दुसरं कामच नसतं. तो प्रसंग पाहताना आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. त्याआधी १९८३ साली रोहिणी हट्टंगडींना 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला होता, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. आश्रमात संडास साफ करायला नकार देणारी, नवऱ्याने दाराबाहेर ढकलायला घेतलेली, आणि मग स्वतःहून कामाला लागणारी बा आठवा. पुण्याच्या मराठी अभिनेत्रीला मिळालेला हा मान आपल्याकडे दरवर्षी बोलला जायला हवा. तो बोलला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते. तुमच्या यादीत विष्णुपंत पागनीसांचं नाव नाही. ते चिकोडीचे, आमच्याच जिल्ह्यातले. नाटक कंपन्यांत स्त्री-भूमिका करून पुढे आलेले. प्रभातने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला तेव्हा दामले-फत्तेलालांच्या त्या चित्रपटात ते तुकाराम झाले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची खास नोंद घेतली गेली. आपल्या देशातल्या चित्रपटाला बाहेर मिळालेल्या अगदी पहिल्या मानांपैकी तो एक. व्हेनिसचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार, म्हणजे व्होल्पी चषक, त्या वर्षी जर्मनीच्या एमिल यानिंग्सला गेला. तोच चषक भारतीय नटाच्या हातात यायला पुढे ४७ वर्षं लागली, तो वर सांगितलेला नसीरचा.

पागनीसांना व्यक्तिशः काही मिळालं नाही. पण व्हेनिसला जे पोहोचलं ते दुसरं काय होतं? पागनीसांचा तुकाराम अभिनय करतोय असं कुठेच वाटत नाही. शेत राखायला बसलेला असताना तो गात राहतो आणि पाखरं कणसं खाऊन जातात. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर ना अपराधीपणा असतो ना संतपणाचा आव. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज तापवून न काढलेला, सहज. समोर गौरीची जिजाई, आजारी पोराला घेऊन हातात वहाण धरून पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली. ती जितकी जमिनीवरची, तितका हा हलका. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं पद, पण आमच्याकडे दिंडीत ते तुकोबांचाच अभंग म्हणून गायलं जातं, आणि कुणी खरं सांगितलं तर म्हातारे लोक ऐकूनही घेत नाहीत. हे श्रेय आठवल्यांचं आहे आणि तितकंच पागनीसांच्या गळ्याचंही.

त्याच चिकोडी परिसरातलं खडकलाट हे सुलोचनादीदींचं गाव. 'वहिनींच्या बांगड्या', 'मराठा तितुका मेळवावा'मधल्या जिजाऊ, आणि हिंदीत किती नायकांच्या आई, याची गणती नाही. पद्मश्री मिळाली, महाराष्ट्र भूषण मिळाला. पण त्या ज्या प्रकारच्या चित्रपटांत काम करत होत्या, ते महोत्सवांत पाठवावेत असं कुणालाच वाटलं नसणार. परदेशी पुरस्कार मिळायला आधी चित्रपटाची पेटी बोटीवर चढावी लागते, उपशीर्षकं लागतात, कुणीतरी आग्रह धरावा लागतो. नर्गिस, सुचित्रा, शिवाजी यांच्या नशिबात ते होतं. म्हणून तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलेले ते तीन पुरस्कार खरे आणि अभिमानाचे आहेतच, पण ती जुन्या मोठ्या कलावंतांची संपूर्ण यादी समजू नका.

पाहायला सुरुवात करायची असेल तर 'संत तुकाराम' आधी घ्या, मग 'सात पाके बाँधा', मग 'पार'. कट्टबोम्मन मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या आवाजात मिळाला तरच पाहा, मोबाइलवर त्यातली ताकद निघून जाते. आणि तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी चिकोडी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातलं असेल, घरात पागनीसांच्या नाटकांच्या दिवसांतली एखादी जाहिरात, फोटो किंवा आजोबांनी सांगितलेली आठवण असेल, तर कृपया खाली लिहा. मी ती उतरवून घेतोय.