पुण्याच्या हिंजवडीत नवीन टॅक्सी टाकतोयस तर

भावा, आयटीवाल्यांचा आठवडा आधी समजून घे. घरून काम अजून पुरतं संपलेलं नाही. मंगळवार ते गुरुवार गर्दी, शुक्रवारी आयटी पार्कचं फेज तीन निम्मं ओस. संध्याकाळी सहाला तिथलं भाडं घेतलंस तर भूमकर चौकापर्यंत कोंडीत सीएनजी तुझाच जळणार, त्यापेक्षा त्या वेळी पूर्वेकडच्या आयटी कंपन्यांचा भाग, खराडी-मगरपट्टा, धर. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी पोरं मध्यरात्रीनंतर सुटतात, रस्ता मोकळा असतो. ती भाडी सोडू नकोस.

कधी कुणी भरदुपारी खोक्यात टेबलावरचं सामान भरून, गळ्यात ओळखपत्र नसताना बसतो. त्याला काही विचारू नकोस, एसी लाव. पाणी दे. आणि दुसऱ्या गाडीचं कर्ज एवढ्यात काढू नकोस. कंपन्यांची भरती थांबली की विमानतळाची भाडी लगेच कमी होतात, हप्ता चालूच राहतो.