ट्रंप यांच्या विरोधकांनी करायचं तरी काय?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले निम्मे लोक ट्रंप यांच्यावर एवढे चिडलेले असतील, तर ते त्यांना अडवत का नाहीत, आणि विरोधकांनी नेमकं काय करायला हवं. मी राजकारणातला माणूस नाही. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, २००१ साली आलो, २०१४ पासून मतदान करतो. पोरं रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवत असताना आम्ही आईबाप बाहेर पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा पीत भांडतो. माझं उत्तर तिथून आलेलं आहे.

त्या चहाच्या टोळक्यात ट्रंप यांना मत दिलेले तिघे आहेत. देशभरात २०२४ मध्ये तसे ७ कोटी ७० लाखांहून जास्त होते, तेव्हा आमच्यात तीन असणं काही नवल नाही. त्यातला एक माझा जुना मित्र, औषध कंपनीत आहे. त्याचं म्हणणं असं: "मी ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षं रांगेत उभा राहिलो, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मग रांग मोडून आलेल्यांना वेगळा न्याय का?" यावर मी "अरे, तो माणूस हुकूमशहा आहे" असं म्हणून पाहिलंय. तीनचारदा. तो शांतपणे चहा संपवतो आणि क्रिकेटवर येतो. त्याच्या रांगेच्या प्रश्नाला मी उत्तरच दिलेलं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

तो हलला ते दोनदा, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे नाही.

पहिल्यांदा जानेवारीत. शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ ला, ट्रंप यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा आदेश काढला. ओरड झाली ती बेकायदा आलेल्यांच्या मुलांबद्दल, पण मजकूर नीट वाचला तर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या जोडीदाराचा) वर रीतसर आलेल्या बाईचं बाळही त्यात येत होतं, वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील तर. तारीख होती १९ फेब्रुवारी. त्याआधी सिझेरियन करून घेता येईल का, असं इथली भारतीय जोडपी डॉक्टरांना विचारत असल्याच्या बातम्या आल्या. तीन दिवसांत सिएटलच्या एका न्यायाधीशांनी आदेश थांबवला. ते रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश, म्हणजे डाव्यांचा माणूस म्हणून झटकून टाकायची सोय नव्हती.

दुसऱ्यांदा सप्टेंबरात. शुक्रवारी, १९ तारखेला, एच-१बीवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि अंमल रविवारी पहाटे १२ वाजून १ मिनिटापासून. मित्राचा भाचा वडिलांच्या मोतीबिंदूसाठी नाशिकला गेला होता. कंपनीची मेल आली, आहात तिथून परत या. पोरगं मिळेल त्या भावात तिकीट काढून निघालं, आणि ते विमानात असताना व्हाइट हाउसचा खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, आधीच्यांना नाही. मित्र म्हणाला, "धोरण असू दे रे, पण असं एका रात्रीत करायची काय गरज होती?" माझ्या ओठांवर "बघ, सांगत होतो ना" आलं होतं. बायकोने वेळेवर पाय दाबला.

विरोधकांनी काय करावं याचं माझं उत्तर त्या पाय दाबण्यात आहे. माणसाशी भांडू नका, त्याच्या निर्णयाशी भांडा, आणि तो निर्णय ज्याच्या अंगावर पडलाय त्याच्याशी बोला. तो माणूस आधी तुमच्या विरोधात होता याचा हिशेब त्या दिवशी मागू नका.

डेमोक्रॅट पक्षाला हे जमतं का? वॉशिंग्टनात फारसं नाही. मार्चमध्ये ट्रंप यांचं संसदेपुढे भाषण झालं तेव्हा काही जण हातात लहान फलक धरून बसले होते, लिलावात धरतात तसे. टेक्ससचे डेमोक्रॅट खासदार अॅल ग्रीन काठी उगारत ओरडले, त्यांना बाहेर काढलं, आणि नंतरच्या निषेध ठरावाला त्यांच्याच पक्षाच्या दहा जणांनी मत दिलं. पुढे आमचेच सिनेटर कोरी बुकर ट्रंप यांच्या विरोधात सिनेटमध्ये २५ तास ५ मिनिटं उभं राहून बोलले. मी बराच वेळ पाहिलं, भारावलोही. मित्राला विचारलं तर म्हणाला, "बाथरूमला कसा गेला नाही?" एवढंच पोचलं होतं. १८ ऑक्टोबरच्या 'नो किंग्ज' या ट्रंपविरोधी मोर्चाला मीही गेलो. बेडकाचे फुगवलेले पोशाख घालून माणसं नाचत होती, मजा आली. पण ओळखीचा ट्रंप मतदार तिथे एकही दिसला नाही.

उलट राज्यात काय झालं बघा. २०२४ मध्ये न्यू जर्सीत कमला हॅरिस जेमतेम सहा टक्क्यांनी जिंकल्या होत्या. वर्षभराने, ४ नोव्हेंबरला, डेमोक्रॅट पक्षाच्या मिकी शेरिल गव्हर्नरपदावर १३ टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या. त्या नौदलात हेलिकॉप्टर चालवत. प्रचारात लोकशाही कमी आणि लाइट बिल जास्त. जूनपासून इथली बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली होती, त्या म्हणाल्या पहिल्याच दिवशी दर गोठवते. (खरं सांगायचं तर आठ वर्षं गव्हर्नर त्यांच्याच पक्षाचा होता. मित्राने हे ऐकवलंच, आणि ते बरोबर आहे.) त्यात ऑक्टोबरमध्ये ट्रंप म्हणाले की हडसन नदीखालच्या नव्या रेल्वे बोगद्याचं १६०० कोटी डॉलरचं काम आपण रद्द केलं. आम्ही मेट्रोपार्कहून गाडी पकडून ज्या बोगद्यातून मॅनहॅटनला जातो तो १९१० चा, २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं, आणि तेव्हापासून गाडी मध्येच थांबली की डब्यातला प्रत्येक जण घड्याळ बघतो. त्या डब्यात दोन्ही पक्षांचे लोक असतात. शेरिल यांच्या प्रतिस्पर्ध्याने मात्र ट्रंप यांना वादसभेत 'ए' ग्रेड दिली होती.

हे सगळं मी छातीठोकपणे सांगतो. पण एका ठिकाणी माझी गाडी अडते. टेक्ससने ऑगस्टमध्ये ट्रंप यांच्या सांगण्यावरून संसदेचे मतदारसंघ नव्याने आखले, रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात म्हणून. कॅलिफोर्नियाने उत्तरादाखल आपल्याकडे डेमोक्रॅटांसाठी पाच जागांचा तसाच डाव मांडला, आणि नोव्हेंबरात ६४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी त्याला हो म्हटलं. जशास तसे. मला ते रुचलं नव्हतं. तिथे २०१० मध्ये मतदारांनीच हे काम पुढाऱ्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं.

मतदानाआधी, दिवाळीत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मेहुणीशी फोनवर यावरून जुंपली. ती म्हणाली, "समोरचा पत्ते पिसताना चोरतोय, आणि भाऊजी, तुम्ही नियम वाचत बसा." मी म्हटलं, पिसायचा अधिकार लोकांनी काढून घेतला होता ना? "मग लोकांना विचारूनच परत घेतोय. टेक्ससमध्ये कोणी मतदान घेतलं होतं का?"

नव्हतं घेतलं. मी अनारशांचं पार्सल पोचलं का ते विचारलं.