९४ वर अडलंय? मग राउटरआधी वायर बघा

३०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटरला चिकटून बसलं तरी स्पीड ९४ च्या वर जात नाही, बेडरूममध्ये तर १०-१२ च. चार हजारांत वेगवान राउटर सुचवा, असं तुम्ही विचारलंय. सुचवतो, पण आधी ते ९४ चं बघू.

हा आकडा दिसला की वाटेत कुठेतरी १०० चं पोर्ट आहे असा मला पहिला संशय येतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च हाती पडतात. एक तर तुमच्या राउटरचं पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचं) नाही, किंवा फायबरच्या डबीतून राउटरला येणारी लॅन वायर गंडलीये. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० चं काम चार तारांवर भागतं. माझ्याकडे नवा राउटर आणूनही ९४ च! शेवटी वायरचं टोक उजेडात धरलं, तर तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलेलीच नव्हती. कनेक्टर बदलला आणि झालं काम. (राउटरच्या खर्चावरून घरात अजून ऐकून घेतोय.)

वायर ठीक असेल तरच खरेदी. खोक्यावरचं एएक्स १५०० म्हणजे वाय-फायच्या दोन बँडची गोळाबेरीज: ५ गिगाहर्ट्झचे १२०१ अधिक २.४ चे ३०० एमबीपीएस. फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणजे कामाचे ते १२०१ च, पण ३०० च्या प्लॅनला एवढा राउटर पुरतो. अँटेना मोजू नका, पोर्ट बघा. टीपी-लिंकचा आर्चर सी५० घ्या उदाहरणाला: नाव एसी १२००, पोर्ट मात्र १०० चीच. सी६ ला गिगाबिट आहेत.

बेडरूमचं दुखणं वेगळं. ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या भिंतीत जीव सोडतं. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर आधी बाहेर काढा, उंचावर ठेवा. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, डोक्यावर-पायाखाली कमी. एवढं करूनही भागलं नाही, तर रिपीटरच्या (वाय-फाय पकडून पुढे ढकलणारी डबी) नादी लागू नका, बऱ्याचदा अर्धा स्पीड तोच खातो. त्यापेक्षा कॅट ६ लॅन वायर ओढून जुना राउटर बेडरूममध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथे वाय-फायने वाटेल. १०० चा असला तरी तिथे ९० पर्यंत मिळू शकतील, आज १०-१२ मिळतायत.